न्यायाधीश निवडून द्यावा काय?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



विषय आम्ही निवडलेला नाही, तो आमच्याकडे टपालाने चालून आला. आमचा भाचा बरीच वर्षे अमेरिकेतील टेक्सास प्रांतात राहतो. त्याने लिहिले, ''मामा, आमच्या घराच्या खरेदीखताचे काम ज्या वकिलाने केले, तो परवा हात जोडून दारात उभा होता. पंचवीस वर्षांची वकिली झाली आहे, आता न्यायाधीशाच्या निवडणुकीला उभा आहे, मत द्या आणि जमल्यास थोडी वर्गणीही द्या, म्हणाला. तुमचे आयुष्य वकिलीत गेले. मी काय करावे?'' तंजावरच्या कचेरीत उभा जन्म घालविलेल्या माणसाला हे वाचून प्रथम हसूच आले. पुढे विचार करता करता हसू मावळले.

त्या देशात ही प्रथा जुनी आहे. मिसिसिपी राज्याने १८३२ साली आपले सर्व न्यायाधीश लोकांनी निवडावेत असे ठरविले, आणि पुढे अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. टेक्सासात तर न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर उभे राहतात. २०२२ साली तेथील फोर्ट बेंड परगण्यात सुरेंद्रन पट्टेल नावाचे वकील जिल्हा न्यायाधीश म्हणून निवडून आले. हे गृहस्थ केरळातील कासरगोडचे. लहानपणी विड्या वळून शिकलेले, केरळात व पुढे दिल्लीत वकिली केलेले, २००७ साली अमेरिकेस गेलेले आणि तेथे पुन्हा कायद्याची पदवी घेतलेले. विड्या वळणारा मुलगा परदेशी न्यायासनावर बसला, तोही तेथील सामान्य माणसाच्या मताने, ही गोष्ट आम्ही क्षुल्लक मानीत नाही. आपल्याकडे काय चालते? राज्यघटनेच्या २३३ व्या कलमान्वये सात वर्षे वकिली केलेल्या माणसाची शिफारस उच्च न्यायालय करते, राज्यपाल नेमणूक करतात, आणि ज्या गावकऱ्यांचे दावे तो चालविणार त्यांना त्याचे नाव नेमणुकीनंतर कळते. तेव्हा 'आम्हांला कोणी विचारले?' हा गावकऱ्याचा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हे.

आणि हा प्रश्न या मातीला नवा नाही. आपल्या या कावेरीकाठावरून ज्यांनी राज्य केले त्या चोळांच्या काळचा उत्तरमेरूरचा शिलालेख आपण ऐकून असाल. गाव आपल्या त्रिभुज प्रदेशातले नव्हे, कांचीपुरमकडचे. पण राज्य आपल्या पहिल्या परांतकाचे, आणि सन ९१९ व ९२१ चे दोन लेख तेथील देवळाच्या भिंतीवर आजही आहेत. गावाचे तीस वाडे, प्रत्येक वाड्यातून लायक माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घागरीत टाकावयाची, आणि भर सभेत एका अजाण मुलाकडून चिठ्ठी काढवावयाची. उमेदवाराचे वय पस्तीस ते सत्तर, सारा भरणारी पाव वेली जमीन, स्वतःच्या जागेवर घर, विद्येचा अधिकार. गेल्या तीन वर्षांत जो समितीवर बसला तो बाद. ज्याने पूर्वी काम करून हिशेब दिला नाही तो बाद, आणि मौज अशी की त्याचे नातेवाईकही बाद! अशा समित्या तळी पाहत, बागा पाहत, सोन्याची पारख करीत. तंट्यांचा निवाडाही गावची सभाच करी.

त्या लेखात आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती घागर. माणूस गावचाच, गावाने पारखलेला, पण तो कोणाच्या दारी मते मागावयास गेलेला नाही. निवाडा करताना अमुक घराने आपल्याला बसविले हे त्याला आठवणारच नाही, कारण बसविले ते त्या पोराच्या मुठीने. अर्थात ज्याची जमीनच नाही त्याचे नाव घागरीत कधी पडलेच नाही. शेतमजूर, स्त्रिया, गावाबाहेरची वस्ती या सर्वांचा न्याय दुसऱ्यांनीच केला. चोळांचे गोडवे गाताना हे विसरता कामा नये.

इंग्रजी अमलात खेड्यापाड्यांतून बारीकसारीक दाव्यांसाठी गावमुन्सफ आला. १८८८ च्या मद्रास कायद्याने त्याच्या न्यायदानाची रीत बांधून दिली. हे पद बहुधा बापाकडून मुलाकडे जाई. १९८० साली तामिळनाडू सरकारने वंशपरंपरेची गावअधिकारपदे रद्द केली, आणि जन्माने मिळणारा अधिकार संपला. त्याबद्दल आम्हांला कधी हळहळ वाटली नाही.

आता आपल्या मराठी मंडळींच्या काळजाजवळची एक हकीकत. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्र नसता वारले आणि कंपनी सरकारने तंजावरचे राज्य तर घेतलेच, पण राजवाड्यातील खाजगी चीजवस्तूही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. जॉन ब्रूस नॉर्टन हे त्यांचे वकील. आणि इंग्रजांच्याच त्या न्यायालयाने निकाल दिला तो कंपनीविरुद्ध, राणीसाहेबांच्या बाजूने! १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, त्याची चौकशी कोणत्याही न्यायालयाला करता येणार नाही, असा त्याचा आशय. म्हणजे नेमलेला न्यायाधीश सत्तेला नमत नाही असे नाही. पण मद्रासच्या त्या न्यायाधीशांना शहरातील गोऱ्या व्यापाऱ्यांची मते मागावयाची असती, तर तो पहिला निकाल तरी लागला असता काय?

येथे आम्ही कावेरीच्या पाण्याकडे येतो. त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्यांच्या संघटनेने १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, १९९० साली लवाद नेमला गेला, २००७ साली त्याचा निवाडा झाला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला. लवादाने बिळिगुंडलूशी आपल्याला १९२ टीएमसी पाणी दिले होते, न्यायालयाने ते १७७.२५ केले. पावणेपंधरा टीएमसी गेले. कुरुवैच्या पिकाला पाणी पुरते की नाही याची धास्ती ज्याच्या घरात आहे, त्याला हा आकडा कसा लागला असेल हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. तरीही विचार करा, त्या न्यायाधीशांना मंड्याच्या शेतकऱ्यांनी निवडून दिले असते तर? किंवा, प्रामाणिकपणे म्हणू या, आपण तंजावरकरांनी दिले असते तर? मते मागावयास आलेल्या वकिलाला आपण एकच प्रश्न विचारला असता, पाणी किती आणाल?

इतके बोलून आम्ही नेमणुकीच्या बाजूने कौल देऊन खाली बसलो असतो. पण कीळवेण्मणी आडवे येते. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या आपल्याच तंजावर जिल्ह्यात, मजुरीवाढ मागणाऱ्या शेतमजुरांची चव्वेचाळीस माणसे झोपडीत जळून मेली. दलित कुटुंबांतली, बहुतेक बायका आणि मुले. नागपट्टिणमच्या सत्र न्यायालयाने १९७० साली मिरासदारांना शिक्षा दिली, १९७३ साली उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. श्रीमंत मिरासदार स्वतः चालत जाऊन आग लावतील हे संभवत नाही, अशा आशयाचा तर्क त्या निकालात होता. हे न्यायाधीश कोणाच्या मतांवर आलेले नव्हते. आणि त्या काळी त्याच गावांतून न्यायाधीश निवडला गेला असता तर ज्यांच्या हाती जमीन, धान्य आणि मजुरी होती त्यांचाच माणूस आला असता, की झोपडीतल्यांच्या मतांनी निराळाच कोणी आला असता? आमच्या व्यवसायबंधूंशी यावर आमचे अनेकदा वाद झाले आहेत, आणि दोन्ही बाजूंनी बोलताना आम्ही स्वतःलाच ऐकले आहे.

मेक्सिको देशाने १ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयासह न्यायाधीश मतदानाने निवडले. शंभरातले सुमारे तेराच मतदार मतपेटीपर्यंत गेले. मात्र त्यातून सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षपदी आले ते मिश्टेक आदिवासी समाजातील वकील उगो आगिलार ओर्तीस.

भाच्याला उत्तर धाडावयाचे होते. आम्ही लिहिले, त्या वकिलाला मत द्यावयाचे तर अवश्य दे, पंचवीस वर्षांच्या कामाची पारख तुम्हां शेजाऱ्यांइतकी कोणाला? पण वर्गणी देऊ नकोस. त्याचा प्रतिस्पर्धी दारात आला तर त्यालाही चहा दे, आणि दोघांना विचार की ज्यांनी पैसे दिले त्यांचा दावा समोर आला तर तुम्ही आसन सोडून उठाल काय. त्याचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.