सोय म्हटली की पैसा आला
(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय वाचून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वर्धापनदिनाला गर्भनिरोधनावर बोलायचं, आणि तेही अमेरिकेतल्या राज्यांच्या कायद्यांवर! पण आज आपल्यातल्या काही घरांतल्या मुली-सुना तिकडे नोकरीला आहेत. आणि दुसरे असे की, ह्याच प्रश्नाला बाबासाहेबांनी फार पूर्वी हात घातलेला आहे.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात नव्हते, भाषण मात्र त्यांचे होते. ठरावात मागण्या दोन. सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा, ही एक. त्यासाठी पुरेशा सोयी पुरवाव्यात, ही दुसरी. बाजूने ११ मते पडली, विरुद्ध ५२. ठराव पडला. आम्ही महिला मंडळाच्या अभ्यासवर्गात ह्या दुसऱ्या मागणीवर बरेच दिवस चर्चा केली. प्रचार स्वस्तात होतो. सोय म्हटली की पैसा आला, आणि तो कोणी द्यायचा हे ठरवावे लागते. अमेरिकेतला सगळा झगडा इथेच आहे.

तिथे गर्भनिरोधनाची साधने आणि माहिती टपालाने पाठवणे हाच १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने गुन्हा केला होता. नवरा-बायकोने ती वापरणे ही त्यांची खाजगी बाब आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली ग्रिसवोल्ड खटल्यात म्हटले. लग्न न झालेल्यांना तो हक्क मिळायला १९७२ उजाडले. बंदी उठली खरी. पण गोळीचे पैसे?

आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले की ‘माला-एन’चे पाकीट फुकट मिळते, तांबी फुकट बसवतात. तिकडे गरिबांसाठी काही दवाखाने आहेत, पण नोकरदार बाईची मदार विम्यावर. हा विमा बहुतेक वेळा मालकामार्फत असतो. हप्त्याचा काही भाग मालक भरतो, काही पगारातून कापला जातो, आणि कागदात जे लिहिले असेल त्याचाच खर्च मिळतो. १९९० च्या सुमारास ह्या योजना डॉक्टरने लिहून दिलेल्या बहुतेक औषधांचे पैसे देत. गर्भनिरोधक गोळी, तांबी, इंजेक्शन यांचे मात्र कित्येक योजना देत नसत. गंमत अशी की बाईच्या नसबंदीचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत. बाळंतपणाचेही मिळत. म्हणजे मूल होऊ द्या, नाही तर कायमचे बंद करा. दोन मुलांत अंतर ठेवायचे असेल तर स्वतःच्या पदरचे घाला. आमच्यातल्या एक ताई हे ऐकून म्हणाल्या, ‘मग त्यांच्यात नि आपल्यात फरक काय?’ खरेच आहे. भारतातही सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत आजही बाईचे ऑपरेशन हीच आहे.

१९९८ च्या मार्चमध्ये पुरुषांच्या वियाग्रा गोळीला तिथे मंजुरी मिळाली आणि बऱ्याच विमा योजना तिचे पैसे लगेच देऊ लागल्या. मग बायका चिडल्या. चिडायलाच हव्या होत्या! त्याच वर्षी मेरीलँड राज्याने देशातला पहिला कायदा केला: औषधांचा खर्च देणाऱ्या विम्याने गर्भनिरोधनाची औषधे-साधने वगळायची नाहीत. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने केला, आणि २०१० पर्यंत अशी राज्ये वीसच्या वर गेली. सिएटलच्या बाजूला औषध दुकानांच्या एका कंपनीत फार्मासिस्ट म्हणून काम करणाऱ्या बाईने आपल्या मालकावरच खटला भरला. रोज दुसऱ्यांना गोळ्या काढून द्यायच्या, आणि स्वतःच्या विम्यात त्या नाहीत. बाकीची प्रतिबंधक औषधे द्यायची आणि हीच वगळायची हा स्त्रियांबाबत भेदभाव आहे, असा निकाल २००१ साली केंद्रीय न्यायालयाने दिला.

पण कायद्याला भोक होतेच. १९७४ च्या ‘एरिसा’ ह्या केंद्रीय कायद्यामुळे, जो मालक विमा कंपनीवर न सोडता स्वतःच्या पैशातून कामगारांचा आरोग्यखर्च भागवतो, त्याच्या योजनेला राज्याचा विमा कायदा लागूच होत नाही. आणि मोठे मालक तसेच करतात. विमा असलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक आज अशा योजनांत आहेत. ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांतल्या निम्म्या बाहेरच! ही पोकळी २०१० च्या केंद्रीय आरोग्य कायद्याने भरली. ऑगस्ट २०१२ पासून बहुतेक योजनांना गर्भनिरोधनाचा खर्च, रुग्णाकडून काही न घेता, द्यावा लागतो.

मग धर्माचा प्रश्न पुढे आला. कॅथलिक धर्मादाय संस्थेलाही कायदा लागू आहे, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ठरवले. दहा वर्षांनी, २०१४ साली, ‘हॉबी लॉबी’ ह्या दुकानदार कंपनीच्या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उलटा कौल दिला: कुटुंबाच्या मालकीची कंपनी श्रद्धेच्या कारणाने नकार देऊ शकते.

ह्यावर आमच्यात एकमत झाले नाही, हे सांगितले पाहिजे. काहींचे म्हणणे, उद्या आपल्या विहाराला कोणी मनाविरुद्ध खर्च करायला लावला तर? हा प्रश्न खोटा नाही. पण आम्हा बहुतेकींना असे वाटते की विमा हा पगाराचाच भाग आहे, आणि पगार कामगाराने कशावर खर्च करावा हे मालकाचा देव ठरवू शकत नाही. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले, तेव्हाही मालकांची तक्रार ‘आम्ही का द्यायचे’ हीच होती. मोठा भार सरकारने उचलावा, पण बाईच्या श्रमाचा फायदा घेणारा मालक पूर्ण सुटू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

आता आपल्या घरात बघू. कामगार विमा योजनेत नसबंदी केली तर भरपगारी रजेचा लाभ आहे: पुरुषाला ७ दिवस, बाईला १४. खाजगी मेडिक्लेमचे काय? २०१९ साली विमा नियामकाने कोणता खर्च मिळणार नाही हे लिहिण्याची भाषा सर्व कंपन्यांना एकसारखी करून दिली. त्यात वंध्यत्वाच्या कलमाखाली ‘कोणत्याही प्रकारचे गर्भनिरोधन, नसबंदी’ असे स्पष्ट घातलेले आहे. मेरीलँडने १९९८ साली जे खोडायला लावले तेच आपल्याकडे छापील कलम होऊन बसले आहे, आणि हप्ता भरणाऱ्या किती जणींनी ते वाचले असेल?

येत्या पौर्णिमेला अभ्यासवर्ग आहे. ज्यांच्या घरी पॉलिसीचा कागद असेल त्यांनी तो घेऊन या. बारीक अक्षर आहे, चष्माही आणा. जय भीम.