सकाळची हजेरी कोण घेणार?

मी रायपूरहून बोलतो आहे. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी आधी एवढं सांगतो की इथली मराठी घरं काल-परवा आलेली नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणूस इथे आहे. इतक्या पिढ्यांत आमच्या बोलण्यात हिंदी शिरली आणि ताटात भात. छत्तीसगढला ‘धान का कटोरा’ म्हणतात ते उगीच नाही. सकाळी तांदळाचा चीला किंवा फरा, दुपारी भात, रात्री पुन्हा भात, आणि बाहेर पडलात तर पोहे-जिलबी. पोळी आहे, पण पाहुण्यासारखी.

आजचा विषय आहे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार. म्हणजे एकदा घरात शिरले की सहसा मुक्कामच ठोकणारे आजार. त्यांना दारातच कसं अडवायचं, आणि शिरलेच तर ताब्यात कसं ठेवायचं? काय खावं, किती चालावं, हे तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांनाच ठाऊक आहे. मला बोलायचंय ते ठाऊक असूनही होत का नाही, याबद्दल.

फौजेतला माणूस साठीतही तंदुरुस्तच असणार, असं लोक धरून चालतात. आमच्या कोर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पूर्वी बदल्या-बढत्यांच्या बातम्या यायच्या. आता कुणाला स्टेंट घातला, कुणाची साखर तीनशेवर गेली, हे येतं. हीच माणसं तिशीत रायफल आणि पाठीवरचं सामान घेऊन पाच किलोमीटर धावत होती. मग त्यांची इच्छाशक्ती कुठे गेली? माझं मत असं की ती तेव्हाही फारशी नव्हती. डिसेंबरच्या पहाटे पी.टी.ला उठायची हौस कुणालाच नसते. पण हजेरी घेतली जायची. ताटात काय आणि किती, हे रेशनच्या मापावर ठरायचं. ठरावीक काळाने मेडिकल व्हायची, वजन तक्त्याबाहेर गेलं तर कॅटेगरी खाली यायची आणि पुढचं अडायचं. निवृत्तीच्या दिवशी हा सगळा बंदोबस्त उठतो. भूक मात्र तशीच राहते.

हे फक्त फौजेपुरतं नाही. जीवनशैली बदलून मधुमेह टळतो का, याचे मोठे प्रयोग झाले आहेत. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ साली ५७७ जणांवर प्रयोग सुरू झाला. या सगळ्यांची साखर वाढलेली होती, पण मधुमेह अजून झाला नव्हता. सहा वर्षं त्यातल्या काही गटांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन मिळालं. तीस वर्षांनी पाहिलं तर मार्गदर्शन मिळालेल्यांना मधुमेह सरासरी चार वर्षं उशिरा गाठत होता, आणि हृदयविकाराने मरणारेही कमी होते. अमेरिकेत २००२ साली निष्कर्ष आला की वजन थोडं उतरवून आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालून मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर असाच प्रयोग केला. तीन वर्षांत, काहीच न केलेल्यांपैकी ५५ टक्के लोक मधुमेही झाले आणि जीवनशैली बदललेल्यांपैकी ३९ टक्के. फरक अमेरिकेइतका मोठा नाही, पण शंभरातले सोळा जण वाचणं ही लहान गोष्ट नव्हे.

आता यातली वाचताना निसटून जाणारी बाब. अमेरिकेतल्या त्या प्रयोगात प्रत्येकाला एक मार्गदर्शक नेमून दिला होता, सोळा पाठ होते, वजनाची नोंद होती. चेन्नईत दर महिन्याला फोन जायचा. म्हणजे तिथेही कुणीतरी हजेरी घेत होतं! आपण मात्र दवाखान्यातून ‘चालत जा, गोड कमी करा’ हे दोन वाक्यांत ऐकून घरी येतो आणि पुढच्या तपासणीला मान खाली घालून बसतो.

महाराष्ट्रात याचं अलीकडचं ठळक उदाहरण म्हणजे डॉ. जगन्नाथ दीक्षितांची मोहीम. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. आहारतज्ज्ञांत यावर मतभेद आहेत आणि त्या वादात मला पडायचं नाही. माझं लक्ष गेलं ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपकडे. लोक आपले तपासणीचे आकडे तिथे कळवतात, कुणीतरी ते पाहतं, विचारतं. माझ्या हिशेबी त्या यशाचा निम्मा वाटा या विचारण्याचा आहे.

‘मी तर सडपातळ आहे’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्याची एक गोष्ट. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्या लोकांत चरबी पोटात लपते आणि स्नायू कमी असतात. म्हणून काट्याबरोबर मोजपट्टीही हवी. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत.

मग घरात बंदोबस्त कसा करायचा? क्वार्टरमास्टर ताटाशी उभा राहून हात धरत नाही, तो कोठारातून माप देतो. तसंच भाताचं. ताटात वाढलेला गरम भात सोडायला इच्छाशक्ती लागते, पातेल्यात तांदूळ कमी घ्यायला नुसती वाटी पुरते. दोघांच्या घरात चौघांचा भात शिजला तर तो संपवलाच जातो. राहिला तर सकाळी त्याचं बोरे-बासी होतं. उन्हाळ्यात ते पोटाला थंडावा देतं हे खरं, गार झालेल्या भाताने साखर थोडी हळू चढते हेही खरं, पण तीन वाट्या त्या तीन वाट्याच. कमी झालेल्या भाताच्या जागी काहीतरी भरलं पाहिजे, नाहीतर माणूस दुपारी चारला फरसाणाचा डबा शोधतो. घट्ट वरण, मटकीची उसळ, हुलग्याचं पिठलं, आणि इथल्या बाजारातली लाल भाजी, चेच भाजी. याबाबतीत रायपूरचा भाजीवाला पुण्याच्या भाजीवाल्याला हरवतो.

चालण्याचं म्हणाल तर मे महिन्यात इथे पारा ४४ वर जातो, त्यामुळे सहाच्या आत घराबाहेर. तेलीबांधा तलाव आहे, गांधी उद्यान आहे. एकट्याने जाऊ नका. कुणीतरी फाटकाशी थांबलेलं असलं की अंथरूण सोडावंच लागतं. आमच्या टोळीत एकच भांडण आहे, परतताना पोहे-जिलबीच्या गाडीपुढून जायचं की मागच्या गल्लीने. मी मागच्या गल्लीचा. याशिवाय जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहत नाहीत. हेच स्नायू वयाबरोबर झिजतात, म्हणून हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, रोज दहा-दहा वेळा.

उद्यानात सकाळी पाहा, पुरुष जास्त दिसतील. त्यांच्या बायका त्याच वेळी घरी चहा आणि डब्यांत असतात. सगळ्यांच्या पथ्याचा स्वयंपाक त्याच करतात आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून स्वतः खातात. साहेबांच्या साखरेची नोंद फ्रिजवर लावलेली असते, बाईंची तपासणी शेवटची कधी झाली ते कुणालाच आठवत नाही. घरातला बंदोबस्त करणार असाल तर नोंद दोन नावांची करा आणि सकाळचा चहा आळीपाळीने ठेवा. फौजेत मी अनेक अवघड हुकूम दिले, पण निवृत्त मित्रांना ही गोष्ट पटवण्याइतका अवघड एकही नव्हता.

मिठाचं थोडक्यात. दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, त्यात पापड, लोणचं, बिजौरी सगळं आलं. आणि इकडे गुडाखू दाताला चोळायची सवय आहे. ती तंबाखूच आहे, मंजन नव्हे.

एक सावधगिरी. जे इन्सुलिन घेतात किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी जेवण एकदम कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, तर आधी साखर-पाणी घ्यायचं. आणि गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांनीच बदलायचं, फिरायला येणाऱ्या मित्राने नाही. तेव्हा जेवणात बदल करण्याआधी डॉक्टरांना भेटा, आणि जाताना त्या फ्रिजवरच्या नोंदीचा कागद बरोबर न्या.