पाणी सर्वांचे, हिशेबही सर्वांचा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त द्वारका येथे दिलेले व्याख्यान)



अशा मंगल प्रसंगी नाल्याविषयी बोलणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु काकरोळ्याच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावून ज्याला आपण नजफगड नाला म्हणतो, ती एके काळी साहिबी नदी होती. राजस्थानात उगम पावून, हरियाणातून ती दिल्लीत येते आणि वजीराबादखाली यमुनेस मिळते. आज यमुनेत सर्वाधिक घाण हाच नाला ओततो. वजीराबाद ते ओखला हा यमुनेचा प्रवाह अवघा २२ किलोमीटरांचा, नदीच्या लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. पण तिच्या प्रदूषणाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार येथेच पडतो.

मी शास्त्रज्ञ नव्हे, बी. ए. होऊन सरकारी नोकरीत शिरलेला, फायलींवर टिपणे लिहिणारा माणूस. एकदा दोन राज्यांच्या बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. नदी एकच, ठिकाण एकच. पण पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे आकडे मात्र दोन्ही पक्षांचे निरनिराळे. दुपारपर्यंत आरोप-प्रत्यारोप चालले. अखेरीस एका वृद्ध रसायनतज्ज्ञाने शांतपणे विचारले, “नमुना किती वाजता घेतला?” एकाने पहाटे घेतला होता, दुसऱ्याने भर दुपारी. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तोच खाते. म्हणून दोन्ही आकडे खरे होते आणि दोन्ही निरुपयोगी! पुढच्या खेपेस दोन्हीकडचे लोक एकाच होडीत बसले, एकच नमुना दोन बाटल्यांत वाटून घेतला गेला, आणि वाद निम्मा मिटला.

सहकार्याने केलेल्या जलपरीक्षणाचे सारे मर्म यात आहे. या कामी आपला महाराष्ट्र अग्रेसर होता, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. जलप्रदूषणाविरुद्धचा त्याचा कायदा १९६९ चा व मंडळ १९७० चे. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक जलपरीक्षण योजनेत भारत सहभागी झाला आणि १९८४ पासून राष्ट्रीय योजना सुरू झाली. केंद्रीय मंडळ पद्धती ठरवते, राज्यांची मंडळे नमुने घेतात. आणि एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना धाडून त्यांचीही परीक्षा घेतली जाते.

कारखान्याचे सांडपाणी नळातून येते. त्याच्या तोंडाशी उभे राहून ते मोजता येते. शेतीचे तसे नाही. खत आणि कीटकनाशक पहिल्या पावसाबरोबर हजारो बांधांवरून ओघळते. त्याला एक तोंड नाही आणि एक गुन्हेगारही नाही. म्हणून तेथे ऋतुमानानुसार, गावाच्या वर आणि खाली, वर्षानुवर्षे मोजावे लागते. वरून येणाऱ्या पाण्यात अमोनिया वाढला की वजीराबाद व चंद्रावल येथील जलशुद्धीकरण केंद्रांना उत्पादन घटवावे लागते. तेव्हा आपल्या नळाला पाणी येत नाही, आणि दोष कोणाचा याचीच चर्चा होते. आपल्या पंचगंगेकाठीही हेच चित्र दिसते. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली. पाण्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत घराघरांनी मोजली.

युरोपात ऱ्हाईन नदीकाठच्या देशांनी १९५० साली संयुक्त आयोग नेमला. तरीही १९८६ साली बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विषारी पाणी नदीत शिरले आणि मासे तडफडून मेले. मात्र पुढच्याच वर्षी त्या देशांनी एकत्र कृती-कार्यक्रम आखला, आणि कालांतराने नदीत साल्मन मासा परतला. तेथे मोजमापाला कृतीची जोड मिळाली. आपल्याकडे आकड्यांची वाण नाही. उणीव आहे ती या दुसऱ्या पावलाची.

मित्रहो, कालियाने यमुनेचे पाणी विषारी केले तेव्हा श्रीकृष्णाला शत्रू समोर दिसत होता. आपला कालिया मात्र शेकडो फण्यांचा आहे, आणि त्यातला एक फणा आपल्या स्वयंपाकघराच्या व न्हाणीघराच्या मोरीतूनच निघतो. हरियाणाकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या सोसायटीचे सांडपाणी कोठे जाते, एवढे जरी प्रत्येकाने या आठवड्यात विचारले, तरी हे व्याख्यान वाया गेले नाही असे मी समजेन.