बढती, वशिला आणि खाकी वर्दी
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



अनंत चतुर्दशीला आपल्या इंदुरात रात्रभर झांक्या निघतात. त्या गर्दीत दोर धरून उभ्या असलेल्या शिपायाकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. आज बोलायचं आहे ते त्याच्या बढतीविषयी.

आम्ही सेवाविषयक खटले चालवणारी वकील मंडळी. वेगवेगळ्या राज्यांतल्या पोलिसांची कागदपत्रं आमच्याकडे येतात. तक्रार बहुधा एकच: ‘माझ्यामागून लागलेला पुढे गेला, मी होतो तिथंच राहिलो.’

हे होतं कसं? ज्येष्ठतेची यादी उघडपणे क्वचितच मोडली जाते. मर्जीतल्या माणसाला आधी चांगलं ठाणं मिळतं. तिथं कामगिरी दाखवायची संधी मिळते, मग बक्षीस आणि सी. आर. मध्ये वरचा शेरा. मर्जीत नसलेल्याला लाइनीत बसवतात, ‘चांगला’ एवढाच शेरा देतात आणि बढतीची वेळ आली की एखादी जुनी चौकशी उकरून काढतात. समिती बसते तेव्हा कागद अगदी नियमाला धरून असतात!

कायदा मात्र इतका दुबळा नाही. बढती मिळणं हा हक्क नसला, तरी पात्र माणसाचा बढतीसाठी विचार होणं हा राज्यघटनेच्या कलम १६ नुसार हक्क आहे. १९९१ मध्ये जानकीरामन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, समितीची शिफारस बंद लिफाफ्यात ठेवायची तर आधी दोषारोपपत्र बजावलेलं हवं. नुसती प्राथमिक चौकशी पुरत नाही. २००८ च्या देवदत्त खटल्यात ‘चांगला’ हा शेरासुद्धा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असं ठरलं. कारण बढतीला ‘फार चांगला’ लागत असेल, तर ‘चांगला’च आडवा येतो. हे दोन्ही खटले पोलिसांचे नव्हते, पण त्यांतली तत्त्वं पोलिसांनाही उपयोगी पडतात.

पाळी सोडून दिलेल्या बढतीचा प्रश्न वेगळा. मुंबईतल्या चकमकींच्या खटल्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की, चकमकीनंतर लगेच अशी बढती किंवा शौर्याचं बक्षीस देऊ नये. शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच द्यावं. गोळीला बढती जोडली की काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

त्याआधी, २००६ मध्ये, निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर न्यायालयानं प्रत्येक राज्यात पोलीस आस्थापना मंडळ नेमायला सांगितलं होतं. उपअधीक्षक आणि त्याखालच्यांच्या बदल्या, नेमणुका, बढत्या या मंडळानं ठरवाव्यात. सरकारला फेरफार करायचा असेल तर अपवाद म्हणून आणि कारण लिहून. ते लेखी कारण महत्त्वाचं, कारण तोंडी हुकमाला न्यायालयात आव्हान देणं फार अवघड जातं.

आपल्याला याचं काय? ज्याला वर्दीवरचा तारा कुणाच्या कृपेनं मिळाला, तो फौजदार आपली तक्रार लिहून घेण्याआधी वर विचारतो. ज्याला तो हक्कानं मिळाला, तो कायद्याचं पुस्तक उघडतो. घरात चोरी झाली, लेक उशिरापर्यंत घरी आली नाही, अशा वेळी आपल्यासमोर यांपैकी कोण बसलेला असावा?

आणि इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपण इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं. मोठ्या ओळखी आहेत. खात्यातल्या भाच्या-पुतण्यासाठी ‘साहेबांना एक शब्द टाका ना’ असा फोन सहज होतो. पण त्या एका शब्दानं कुणाची तरी पाळी जाते. त्याचा बाप कुठं फोन करणार?

तेव्हा भाच्याला फोन नको, कागद द्या. ज्येष्ठता यादी लागली की मुदतीत हरकत नोंदवायला सांगा. सी. आर. ची प्रत मागायला सांगा. शेरा चुकीचा वाटला तर निवेदन, आणि तिथं दाद लागली नाही तर न्यायालय. असे अर्ज लिहून द्यायला आम्ही समाजाच्या कार्यालयात बसायला तयार आहोत. ज्याच्यामागे कुणीच नाही, अशा शिपायालाही घेऊन या.

गणपती बाप्पा मोरया!