परगावची कंपनी, कोर्ट कुठलं?

मंडळी, एका जोडातला एकच बूट घेऊन हिंडणारे विक्रेते तुम्ही पाहिलेत? सेंट लुईसच्या ‘इंटरनॅशनल शू’ कंपनीचे असे अकरा ते तेरा विक्रेते वॉशिंग्टन राज्यात फिरत. दाखवायला एक बूट. ऑर्डर मंजूर व्हायची ती सेंट लुईसला. राज्याने बेकारी निधीची वर्गणी मागितली, तेव्हा आपण या राज्यात नाहीच, असा कंपनीचा पवित्रा! १९४५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. जिथे नियमित धंदा करता, तिथल्या कोर्टात त्या धंद्याचा जाब द्या, असा निकाल झाला.

पण मधे वितरक असला तर? न्यू जर्सीतल्या एका कामगाराची चार बोटं ब्रिटिश बनावटीच्या यंत्रात तुटली. यंत्र ओहायोच्या वितरकामार्फत आलेलं. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं, की उत्पादकावर न्यू जर्सीत दावा चालणार नाही. मला हे आजही पटत नाही. न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांनाही पटलं नव्हतं. गिऱ्हाईक साऱ्या अमेरिकेतलं हवं, मग बोटं तुटली तिथलं कोर्ट का नको?