आधी पाऊस मोजायचा, मग पेरायचं

परदेशातल्या तुमच्या मंडळाच्या मराठी शाळेसाठी पुस्तकं घ्यायची आहेत, पहिली ते चौथीच्या वयाच्या मुलांना कोणती आवडतील ते येऊन सांगा, असं मला आमंत्रणाच्या पत्रात लिहिलं होतं. पुस्तकांची नावं मी सांगणारच आहे. पण आधी तुम्हाला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे तुमच्या-माझ्या तोंडी असलेल्या नगर जिल्ह्यातल्या, हिवरे बाजारला घेऊन जातो.

हे अवर्षणाच्या पट्ट्यातलं गाव. पाऊस वर्षाकाठी जेमतेम ४०० मिलिमीटर. १९७२च्या दुष्काळानंतर माणसं कामासाठी बाहेर पडत राहिली, मागे उजाड डोंगर आणि आटलेल्या विहिरी राहिल्या. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान यांची वाट धरली. डोंगरउतारावर समतल चर खणले. हे तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. मला सांगायचंय ते पाण्याच्या ताळेबंदाबद्दल. किती पाऊस पडला, विहिरींना पाणी किती आलं, याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडला जातो. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यावर कोणती पिकं निघतील ते मग बोलायचं. ऊस आणि केळी तर गावाने वर्ज्यच केली. पाऊस कमी झाला तर कमी पाण्याचं पीक घ्यायचं, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

पुस्तकं निवडताना आपण नेमकं उलटं करतो. मुलाकडे मराठी किती आहे ते न पाहताच त्याच्या हातात पुस्तक देतो. वय आठ, म्हणून आठ वर्षांच्या मुलांचं पुस्तक. किंवा आपल्याला लहानपणी आवडलं म्हणून ‘गोट्या’, ‘फास्टर फेणे’. ना. धों. ताम्हनकर आणि भा. रा. भागवत यांच्यावर माझंही जिवापाड प्रेम आहे. पण इथे वाढणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला ‘फास्टर फेणे’ स्वतः वाचायला दिलं, की तिला एकाच वेळी जोडाक्षरं, लांब वाक्यं, जुनं पुणं आणि त्या काळची बोलण्याची ढब या सगळ्यांशी झुंजावं लागतं. चार पानांत ती थकते, आणि आपण म्हणतो, हिला मराठीची गोडी नाही.

तुमच्या मुलांची ऐकून समजणारी मराठी आणि वाचता येणारी मराठी यांत मोठं अंतर असतं. हिवरे बाजारमधल्या मुलालाही पहिली-दुसरीत ते असतं, पण वर्षा-दोन वर्षांत भरून निघतं, कारण पाटीवर, एसटीवर, दुकानावर सगळीकडे देवनागरीच दिसते. इथे ते अंतर वाढत जातं. म्हणून दोन्ही वेगवेगळी मोजा. एक पान वाचून दाखवा आणि काय झालं ते मुलाला सांगू द्या, इंग्रजीत सांगितलं तरी चालेल. मग दुसरं पान त्याला वाचू द्या. एका पानावर पाचाहून जास्त शब्दांना ते अडखळलं, तर ते पुस्तक टाकायचं नाही. ते तुम्ही वाचून दाखवायचं. ‘फास्टर फेणे’ची जागा तिथे आहे, रात्री झोपताना, आईच्या किंवा बाबांच्या आवाजात.

मुलांनी स्वतः वाचायची पुस्तकं वेगळी. माझ्या यादीत सर्वांत वर माधुरी पुरंदरे आहेत. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या ‘राधाचं घर’ या छोट्या पुस्तकांत राधा आपल्या घरातल्या माणसांबद्दल बोलते. वाक्यं छोटी, बोलण्यातली, आणि चित्रंही लेखिकेचीच. त्यामुळे शब्द अडला तर चित्र हात देतं. मोठ्या मुलांसोबत बसून वाचायला त्यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे भाग घ्या. त्यात मराठी साहित्यातले निवडक उतारे आहेत आणि भारतीय कलापरंपरेतली चित्रं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय. आणि प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ तर तुमच्यासाठी फारच सोयीचं. तिथली पुस्तकं मोफत वाचता येतात, छापून घेता येतात, एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीतही मिळते, आणि वयाऐवजी वाचनाच्या चार पातळ्या दिलेल्या असतात. दहा वर्षांच्या मुलाने पहिल्या पातळीपासून सुरुवात केली तर करू द्या. कमी पाण्याचं पीक म्हणतात ते हेच.

इथे मी थोडा आग्रही होणार आहे. तात्पर्याची पुस्तकं घेऊ नका. भारतातून पेटी भरताना आपला हात नेमका त्यांच्याकडे जातो, कारण संस्कृती टिकवायची काळजी आपल्या मनात असते. ती काळजी खरी आहे, मला ती समजते. पण उपदेशाचा वास मुलांना पहिल्या पानावरच येतो. ज्या गोष्टीत मूल खोड्या करतं, घाबरतं, हट्ट करतं, खोटं बोलतं आणि तरी लेखक त्याच्यावर रागावत नाही, ती गोष्ट मुलं पुन्हा पुन्हा मागतात.

माहितीची पुस्तकंही विसरू नका. सगळ्याच मुलांना गोष्टी आवडत नाहीत. कुणाला मुंग्या, कुणाला आगगाड्या, कुणाला ग्रह-तारे हवे असतात. ज्या गावात पाऊस मोजला जातो तिथल्या मुलाला पर्जन्यमापक कसा चालतो हे सांगणारं पुस्तक गोष्टीइतकंच रंजक वाटेल. त्या मुलाला विहीर, बांध, कडबा रोजचा. समुद्र आणि बर्फ नवलाचे. तुमच्या मुलांचं उलटं. विहीर त्यांनी कदाचित आजोळी एकदा वाकून पाहिली असेल. म्हणून पुस्तकांच्या पेटीत दोन्ही असू द्या: ज्यात मुलाला आपलंच घर, आपलीच शाळा दिसते असं काही, आणि ज्यात विहीर भेटते असंही. नुसत्या विहिरी भरल्या तर मुलांना वाटेल, मराठी ही आजी-आजोबांच्या गावाचीच भाषा आहे, आपल्या दिवसभराची नाही.

आणि अर्धवट सोडण्याची मुभा द्या. दानिएल पेनाक या फ्रेंच शिक्षक-लेखकाने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहिले. पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क त्यांत आहे. मुलांना तो आपण सहसा देत नाही.

शेवटी मंडळासाठी एक सूचना. खरेदी समितीत फक्त मोठी माणसं नकोत. पुस्तकं मांडून ठेवा, मुलांना तासभर चाळू द्या आणि कोणती ठेवायची ते त्यांच्या सभेत ठरू द्या. हिवरे बाजारमध्ये पिकांचं जसं सगळ्यांसमोर ठरतं तसं. पन्नास वेगळी पुस्तकं घेण्यापेक्षा पंधरा घ्या, पण प्रत्येकाच्या तीन-चार प्रती, म्हणजे एकच पुस्तक वाचलेली दोन मुलं एकमेकांशी त्याबद्दल बोलतील. एखादं पुस्तक मुलांनीच करायलाही हरकत नाही. सुट्टीत इथे आलेल्या आजी-आजोबांना त्यांनी बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारावं, पाणी कुठून आणलं, काय खाल्लं, गुरांचं काय केलं. उत्तरं मराठीत लिहावीत, चित्रं काढावीत. स्टोरीवीव्हरवर आपली गोष्ट चढवण्याची सोय आहे, तेव्हा ती नगरच्या एखाद्या शाळेतल्या मुलांनाही वाचता येईल. त्या मुलांनी उलट काय विचारलं, ते मला जरूर कळवा.