रानगायक शामा

यंत्रानें टिपून ठेवलेलें पक्ष्याचें सर्वांत जुनें ज्ञात गाणें कोणाचें, हें ऐकून आपणांस कौतुक वाटेल. सन १८८९ मध्यें जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं लुडविग कोख नांवाच्या आठ वर्षांच्या मुलास वडिलांनीं एडिसनचा फोनोग्राफ आणून दिला. त्याच्या मेणाच्या नळीवर मुलानें घरच्या पिंजऱ्यांतील पक्ष्याचें गाणें उतरून घेतलें. तो पक्षी होता शामा. पुढें हेच कोख इंग्लंडांत गेले आणि पक्ष्यांचे स्वर रेडिओवरून घरोघर पोंचविणारे म्हणून नांवाजले.

शामा हा आपल्या बागेंतील दयाळाचा जवळचा भाऊबंद. परंतु दयाळ माणसांच्या वस्तींत रमतो, तर शामा सहसा दाट झाडी सोडीत नाहीं. सह्याद्रीच्या रानांपासून ब्रह्मदेश, मलाया व बोर्निओपर्यंत त्याचा वास आहे. नराचें डोकें, पाठ व छाती तकतकीत काळी, पोट तांबूस, कमरेवर पांढराशुभ्र डाग आणि शेंपटी लांबलचक. मादीचा रंग फिकट व शेंपटी आंखूड. वजन सुमारें ३० ग्रॅम, म्हणजे अडीच तोळ्यांहून किंचित् अधिक!

जमिनीलगतच्या झुडपांत किडे वेचून तो पोट भरतो. पहांटे व तिन्हीसांजेस गातो. त्याच्या गाण्यांत इतर पक्ष्यांच्या स्वरांची नक्कलही मिसळलेली असते. घनदाट रानांत दृष्टि चार हातांपलीकडे पोंचत नाहीं. तेथें आवाजच कामास येतो. ‘ही जागा माझी’ असें तो इतर नरांस बजावतो, आणि मादीस बोलावतो. झाडाच्या ढोलींत किंवा बांबूच्या पोकळींत मादी एकटीच घरटें रचते. बहुधा चार-पांच अंडीं असतात; तीं ती सुमारें दोन आठवडे उबविते.

परंतु हा गोड गळाच त्याचा वैरी झाला आहे. आग्नेय आशियांत पिंजऱ्यांतील पक्ष्यांच्या गाण्याच्या चढाओढी लागतात व शामास मोठी किंमत येते. पारधी दुसऱ्या नराचा स्वर ऐकवितो. आपली हद्द राखण्यास धांवून आलेला शामा जाळ्यांत सांपडतो. जावांतील पुष्कळ रानें अशीं मुकीं झालीं. अखेर २०२२ सालीं पनामा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनें या व्यापारावर नियंत्रण घातलें. आपल्या देशांत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यास पकडणें गुन्हाच आहे.

पण कायद्यापेक्षां विचार मोठा. पिंजऱ्यांत राखावयास हद्द नाहीं, बोलवावयास सोबतीण नाहीं. मग तें गाणें कोणास उद्देशून? गाणें घरीं आणण्याची युक्ति तर एका लहान मुलानें १८८९ सालींच दाखवून ठेविली. स्वर घरीं यावा, गायक रानांत राहावा, यांतच आपली रसिकता आहे.